आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

प्रश्न : माझा लॅपटॉप ९-१० वर्षांचा आहे. आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि ११ त्यावर चढत नाही. कोणतं लिनक्स घालू? (निवृत्त शिक्षक, सातारा)

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, तिचे बरेच प्रकार आहेत. तुमच्यासाठी त्यातलं लिनक्स मिंट, आणि त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. तिचा तोंडवळा जुन्या विंडोजसारखाच आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू असतो, म्हणून हात अडखळत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील.

एक मात्र स्पष्ट सांगतो. लिनक्स घातलं म्हणून ४ जीबीचे ८ जीबी होत नाहीत. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडलेत तर मशीन तेव्हाही धापा टाकेल. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. त्या बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याच सिस्टिमने पडत नाही.

प्रश्न : आयएसओ फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तरी कॉम्प्युटर विंडोजमध्येच सुरू होतो. (विद्यार्थिनी, नांदेड)

आयएसओ म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एका फाइलीतली प्रत; नुसती कॉपी करून चालत नाही. ती फाइल रूफस किंवा बलेनाएचर अशा प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. लिहिताना पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा प्रोजेक्टची एकुलती एक प्रत ज्यावर आहे तो नको. मग मशीन सुरू होताना बूट मेन्यूची (मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) की दाबत राहायची. लेनोवो आणि डेलवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच सुरू होईल. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसेल, त्याला लगेच हात लावू नका. तासभर तसंच वापरा. वाय-फाय जोडून बघा, आवाज येतो का, कॅमेरा, ब्राइटनेसच्या की, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, सगळं तपासा. थोडं हळू चालेल, पण डिस्कवरचं काही बदलत नाही. वाय-फाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) सुरू करा. नेट आलं की मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर बऱ्याचदा हवा तो ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) शोधून देतो.

प्रश्न : विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवंय. डेटा जाईल का? (नोकरदार, ठाणे)

जाऊ शकतो. आणि तो जातो तेव्हा दोष बहुतेक वेळा लिनक्सचा नसतो, घाईचा असतो. माझ्या मेव्हण्याच्या डेस्कटॉपमध्ये ५०० जीबीच्या दोन डिस्क होत्या. इन्स्टॉलरमध्ये सी आणि डी ड्राइव्ह नसतात, एसडीए आणि एसडीबी असतात. मी ‘इरेज डिस्क’ निवडलं, डिस्क चुकीची निवडली आणि चहा प्यायला गेलो. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्या डिस्कवर होते. थोडे परत मिळाले. मेव्हणा काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. इन्स्टॉल चालू असताना ती जोडलेली नको.

नंतर विंडोजमध्ये तीन कामं. पहिलं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर ते गुपचूप चालू असतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या; बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललंत की विंडोज तीच मागू शकतं. दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि मग लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लिहिण्यासाठी उघडता येत नाही. तिसरं, डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी करा. मिंटचं २० जीबीत भागतं, पण जमलं तर १०० द्या. मोकळी केलेली जागा तशीच सोडा, तिला फॉरमॅट करू नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये बहुधा डिस्क हाताळण्याची इंटेलची आरएसटी पद्धत चालू असते. तिथे थेट एएचसीआय ही साधी पद्धत निवडू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये (किमान गोष्टींवर) सुरू व्हायला सांगायचं आणि मगच तो बदल करायचा. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

प्रश्न : दोन्ही सिस्टिम झाल्या, पण विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं.

मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, तर लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्यात आणि यूटीसीत बरोबर साडेपाच तासांचं अंतर. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) ‘टाइमडेट-सीटीएल’ नावाचा आदेश आहे, त्याने लिनक्सलाच स्थानिक वेळ धरायला लावा. बॅटरी बदलायला दुकानात जाऊ नका.

प्रश्न : मराठी टायपिंगचं काय? जुन्या फाइल श्रीलिपीत आहेत. (मुद्रितशोधक, पुणे)

टायपिंग सोपं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण लेआउट मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे चालणारा कागप लेआउटही. ‘दऱ्या’मधला ऱ्य काढायला इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग हलन्त आणि य.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं. श्रीलिपी किंवा योगेशमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर तसाच दिसणारी अक्षरांची पद्धत) नसतो; तो फाँट नसेल तर समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोज जिवंत आहे तोवर त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतील, पण ते तुम्हाला कोण शिकवणार!

प्रश्न : दुकानात टॅली आणि कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर आहे. लिनक्स घालू का? (व्यापारी, सांगली)

दुकानातल्या मशीनवर नको. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि तो प्रिंटर लिनक्सवर डोकं खातो. हौस असेल तर घरच्या मशीनवर घाला, बिलिंगच्या काउंटरवर प्रयोग करू नका.