पाचजण क्लॅन करून एकत्र खेळलो की समोर तगडीच टीम का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच मित्रांनी मिळून क्लॅन, म्हणजे ठरलेल्या दोस्तांचा संघ, काढलाय, व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच नेमबाजीचा गेम खेळता, एकेकटे क्यूला, म्हणजे मॅच लागायच्या रांगेत, बसलात की निम्म्या तरी मॅच काढता, पण पाचही जण एका लॉबीत आलात की समोर राक्षस येतात. मग गेम क्लॅनवाल्यांना मुद्दाम अडवतो का, टॅगमुळे, म्हणजे नावापुढे लावतो त्या क्लॅनच्या खुणेमुळे, असं होतं का, आणि क्लॅन सपोर्ट चांगला असलेला गेम ओळखायचा कसा.

मी स्वतः सहा-सात जणांच्या एकाच टोळक्यासोबत कॉलेजपासून काउंटर-स्ट्राइक खेळतोय, आधी १.६, मग ग्लोबल ऑफेन्सिव्ह, आता टू, आणि तुमच्यासारखेच हेडफोन आम्हीपण आपटलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुद्दाम वगैरे काही नाही. मॅचमेकरला, म्हणजे मॅच जुळवणाऱ्या सिस्टिमला, तुमचा क्लॅन दिसतच नाही, त्याला दिसते ती पार्टी, म्हणजे त्या क्षणी एका लॉबीत किती जण बसलेत, प्रत्येकाच्या खेळाचा आकडा काय आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, किती. तुम्ही क्लॅनमध्ये असून एकटे क्यूला बसलात तर तुम्ही त्याच्यासाठी एकटेच, आणि स्टेशनवर भेटलेल्या पाच अनोळखी पोरांनी पार्टी केली तर ती त्याच्यासाठी पाचांची टीम.

हे मला नीट कळलं ते सांगलीतल्या एका सायबरमुळे. २००६-०७ ची गोष्ट, मी डिप्लोमाला होतो, पहिल्या मजल्यावर दहा मशीन, तासाला २० रुपये, चपला बाहेर काढायच्या आणि रविवारी सकाळी काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू मॅपवर पाच विरुद्ध पाच. टीम पाडायचे सायबरवाले दादा. स्वतः कधी खेळायचे नाहीत, काउंटरवर बसून प्रिंटाउटचे पैसे मोजायचे, पण कोण कसा खेळतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. "ए तुम्ही दोघं एकत्र नको, एक जण तिकडं जा", झालं, टीम पडल्या, आणि मॅच हटकून शेवटच्या दोन-तीन राउंडपर्यंत जायची. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत कुणाचातरी मावसभाऊ आला, म्हणाला मी कधी खेळलो नाही, दादांनी त्याला कच्च्या बाजूला टाकला, आणि पोरानं पहिल्याच पिस्तूल राउंडला डेझर्ट ईगल घेऊन आमचे चौघं झोपवले. दादांनी मान वर न करता सांगितलं, पुढच्या मॅपला हा तिकडं. पण आमच्यातला एखादा एका रविवारी पार भंगार खेळला तर त्याला मात्र हलवायचे नाहीत, म्हणायचे याची झोप झाली नाय आज.

आता सगळं मॅचमेकिंग म्हणजे दादांचं हे डोकंच आकड्यात बसवलेलं. मूळ पद्धत बुद्धिबळातली, आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, त्यांची. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं ती १९६० मध्ये घेतली आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, १९७० मध्ये. दोघांच्या आकड्यात २०० चा फरक असला तर वरचा साधारण शंभरातून ७६ गुण नेणार आणि ४०० चा असला तर ९१, एवढं साधं गणित आहे. पण त्यात मावसभावाची सोय नव्हती. ती १९९५ मध्ये मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको पद्धतीत केली, म्हणजे प्रत्येकाच्या आकड्यासोबत अजून एक आकडा ठेवायचा, की या पहिल्या आकड्यावर आपला भरवसा किती. नवीन पोरगा असेल तर भरवसा कमी, म्हणून एका मॅचनंतर मोठी उडी. जुना असेल तर भरवसा जास्त, म्हणून एका वाईट रविवारी थोडासाच हलतो.

मायक्रोसॉफ्टनं पुढे यालाच टीमसाठी वाढवून ट्रूस्किल काढलं आणि २००७ च्या हेलो थ्री या गेममध्ये ते वापरलं.  आणि टीमचं स्किल म्हणजे काय, तर सगळ्यांच्या स्किलची बेरीज. बस. तुम्ही दहा वर्षांचे दोस्त आहात की आजच भेटलात याचा त्या बेरजेत पत्ताच नाही, त्यामुळे एकत्र बसणाऱ्या पार्टीसाठी गेम बनवणाऱ्यांना वरून काहीतरी वेगळं करावं लागतं, पार्टीला पार्टीसमोरच टाकायचं किंवा समोर थोडी भारी टीम द्यायची. आता प्रत्येक गेममध्ये याचं नेमकं सूत्र कंपनी सांगत नाही आणि दाखवलेली रँक वेगळी नि आतला छुपा आकडा वेगळा असतो हे व्हॅलोरंटचं तर जाहीरच आहे, पण तुमच्या राक्षसांचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर सरासरीत आहे, आणि इथे आम्ही स्वतः दोन वर्षं मार खाल्लाय. समजा तुमच्यातले चौघं १५०० चे आणि एक जण २२०० चा, असा एक प्रत्येक क्लॅनमध्ये असतोच, जो सुट्टीत बारा तास खेळतो. सरासरी आली १६४०. समोर मॅचमेकरनं पाचही जण १६४० चे दिले, कागदावर मॅच एकदम बरोबरीची. आता मैदानात बघा. तुमच्या चौघांपैकी कुणीही समोरच्याशी एकास एक भिडला तर एलोच्या हिशोबानं जिंकायची शक्यता शंभरात ३१. तुमचा वाघ, म्हणजे तो २२०० वाला, भिडला तर ९६, पण वाघ एका वेळी एकाच साइटवर, म्हणजे राखायच्या जागेवर, असतो ना! तो ए साइट धरून बसला आणि समोरचे शांतपणे बी वर चालत आले, तिथे तुमचे दोन ३१ वाले. तीन राउंडमध्ये त्यांना कळतं वाघ कुठे बसतो आणि मग ते त्याच्याकडे फिरकत पण नाहीत. आमचा वाघ चाळीस-चाळीस किल मारून हरायचा आणि मग व्हॉइसवर सगळ्यांचा उद्धार करायचा, यात मैत्री तुटायची वेळ आली होती.

व्हॅलोरंटमध्ये म्हणून छोट्या पार्टीला रँकच्या फरकाची मर्यादा आहे, पाचांच्या पार्टीला ती सैल आहे पण फरक फार असला तर जिंकूनही पॉइंट कमी मिळतात. आणि चौघांची पार्टी कॉम्पिटिटिव्हमध्ये चालतच नाही हे तुम्ही बघितलंच असेल. एक, दोन, तीन, नाहीतर थेट पाच. चौघं ओळखीचे आणि पाचवा परका असला की त्या बिचाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही, हे ज्यानं कधी असं सोलो खेळून बघितलंय त्याला सांगायला नको.

अजून एक गोष्ट म्हणजे वेळ. पाचांची पार्टी शोधणारे लोक एकट्यांपेक्षा कितीतरी कमी. रात्री दहाला ठीक आहे, पण तुम्ही जेवणं उरकून, आईबाबा झोपल्यावर, दीड वाजता बसलात तर तुमच्या आकड्याजवळची दुसरी पाचांची पार्टी त्या वेळी मुंबईच्या सर्व्हरवर असेलच असं नाही, मग मशीन थोडा वेळ थांबतं आणि जाळं मोठं करतं, आकड्याचा फरक वाढवतं, नाहीतर लांबचा सर्व्हर बघतं. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ ३,९०० किलोमीटर, फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन ४० मिलिसेकंद तर निसर्गानंच कापले, वर केबलची वळणं नि राउटर. त्यामुळे क्यू चार-पाच मिनिटांच्या पुढे गेली की आम्ही रद्द करतो, तेव्हा लागलेली मॅच क्वचितच चांगली असते. कॉल ऑफ ड्यूटीवाल्या अ‍ॅक्टिव्हिजननं २०२४ मध्ये त्यांच्या मॅचमेकिंगबद्दल स्वतःच लिहून टाकलं होतं, त्यात पिंगला पहिला मान आहे, आणि स्किलचं वजन गुपचूप कमी करून बघितलं तर सगळ्यात वरचे सोडून बाकीचे लोक मॅच अर्धवट टाकून जायला लागले. म्हणजे आपण शिव्या घालतो त्या सिस्टिमनंच कच्च्या खेळाडूंना धरून ठेवलंय.

आता क्लॅन सपोर्ट. पूर्वी क्लॅनचं घर म्हणजे सर्व्हर असायचा. १९९६ मध्ये क्वेक हा नेमबाजीचा गेम आला तेव्हापासून क्लॅन, लोक वर्गणी काढून सर्व्हर भाड्यानं घ्यायचे, त्यावर आपले नियम, आपला अ‍ॅडमिन, कुणी चीटिंग केली की हाकल बाहेर. मॅच ठरवायची तर आयआरसीच्या, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेट चॅटच्या, चॅनलवर ओरडायचं, पाच विरुद्ध पाच, लेव्हल मध्यम, सर्व्हर आमचा. आमच्याकडे एवढं पण नव्हतं, आम्ही सायकल काढून विश्रामबागच्या दुसऱ्या सायबरमध्ये जाऊन विचारायचो, रविवारी येता का, हरेल त्यानं तासाचे पैसे भरायचे. मग २००४ मध्ये हेलो टू आला, पार्टी करा, प्लेलिस्ट निवडा, बटण दाबा, मॅच लागली, आणि विशेष म्हणजे त्यात क्लॅन पण गेमच्या आतच होता, क्लॅन विरुद्ध क्लॅन अशा मॅच लागायच्या. पण बाकी गेमनी त्यातलं बटण घेतलं नि क्लॅन सोडून दिला. २००९ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्याच मॉडर्न वॉरफेअर टूच्या पीसी आवृत्तीतून डेडिकेटेड, म्हणजे लोकांनी भाड्यानं घेऊन चालवायचे, सर्व्हरच काढून टाकले तेव्हा पीसीवाले जे पेटले होते ते उगाच नाही, लोकांचं घर गेलं होतं.

म्हणून गेम निवडताना क्लॅनचं पान किती रंगीत आहे ते बघूच नका. मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या गेममध्ये क्लॅन म्हणजे नाव, चॅट, मिशन आणि क्लॅन शॉपमध्ये उडवायचे पॉइंट. मजा येते, पण मॅचमेकिंगशी त्याचा संबंध नाही, तिथले सीरियस लोक स्क्रिम, म्हणजे सरावाचे सामने, खेळतात ते कस्टम रूममध्ये, ग्रुपवर रूमचा आयडी-पासवर्ड येतो, स्लॉट धरायचा, चार-चारच्या २५ टीम उतरतात. बघायचं एवढंच की क्लॅनला स्वतःची वेगळी क्यू आहे का, आणि टीमचा आकडा टीमच्या नावावर साठतो का तुमच्या वैयक्तिक नावावर. तुम्हाला लांब जायची गरजच नाही, व्हॅलोरंटमध्ये २०२३ पासून प्रीमियर आहे ते हेच आहे. पाच ते सात जणांचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, झोन निवडायचा, आठवड्याचा मॅप ठरलेला, सामन्याच्या वेळा ठरलेल्या, आणि समोर तुमच्या डिव्हिजनमधलीच, म्हणजे तुमच्या पातळीच्या गटातलीच, दुसरी ठरलेली टीम. पहिले काही सामने बेकार जातील कारण तुमच्या टीमवर मशीनचा भरवसा अजून बसलेला नसतो, मावसभाऊ आठवा. नंतर बऱ्यापैकी बरोबरीचे येतात.

रोस्टरमध्ये सहावा आणि सातवा पण घ्या, पाचवर थांबू नका. आमचा एक जण म्युनिकला गेलाय, त्याच्यात नि आमच्यात हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं हलतात आणि दरवर्षी न चुकता तो एक तास चुकीचा येतो, एकदा तर अख्खी मॅच चौघांनी खेळून झाल्यावर लॉबीत येऊन विचारतो, चालू करायचं का? वर त्याचा पिंग सव्वाशेच्या खाली येत नाही, म्हणून त्याला आम्ही एंट्रीला, म्हणजे सगळ्यात पुढे घुसायला, पाठवत नाही, मागे बसून स्मोक, म्हणजे धुराचे गोळे, टाकायला लावतो नि कॉल द्यायला लावतो. दुसरा अजून सांगलीतच आहे, पाऊस लागला की त्याची लाइट जाते.

वाघाचं म्हणाल तर आता तो रँक एकटाच खेळतो, तिथे त्याला त्याच्या जोडीचे मिळतात, आणि आमच्यासोबत असला की फक्त क्लॅनच्या ठरलेल्या मॅच. भांडणं निम्म्यावर आली, व्हॉइसवर एका वेळी एकानंच बोलायचं हा नियम केल्यावर अजून थोडी कमी झाली.

आणि टॅगचं. टॅगमुळे काही होत नाही. आमच्यातल्या एकाची पक्की खात्री होती की नाव अपशकुनी आहे, त्याच्या नादानं आम्ही तीनदा टॅग बदलला, मधे एकदा पुढे त्रिशूळ पण लावला होता. त्रिशूळवाल्या महिन्यात सलग नऊ हरलो.