हॅम्लेट खरोखर वेडा झाला होता की वेडाचं सोंग करत होता?

कॉलेजात असताना शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात मी होरेशियोचं काम केलं होतं. होरेशियोला वाक्यं कमी आणि उभं राहून बघणं जास्त. त्यामुळे आजही मी हॅम्लेटकडे त्याच्या मित्राच्या जागेवरून बघतो, आणि तिथून मला तो वेडा दिसत नाही.

पहिल्याच अंकात, बापाचं भूत भेटून 'तुझ्या काकानेच माझा खून केला' असं सांगून गेल्यावर, तो होरेशियो आणि पहारेकरी मार्सेलसला सांगून ठेवतो की पुढे मी विचित्र वागलो तर तुम्हाला काही ठाऊक आहे असं दाखवू नका. तशी शपथच घ्यायला लावतो. म्हणजे वेड पांघरून पेडगावला जायचा बेत आधीच ठरलेला. राजाचा मंत्री पोलोनियससमोर तो असंबद्ध बोलतो, एकटा असला की एकेक विचार नीट उलगडत जातो. होरेशियोजवळ तर सोंग गळूनच पडतं. नाटकातल्या नाटकाआधी तो त्याला शांतपणे सांगतो की काकाच्या चेहऱ्यावर नजर ठेव, आणि दरबारी येताना दिसताच म्हणतो, आता मला खुळ्यासारखं वागायला हवं.

खरं वेड कसं असतं तेही शेक्सपिअरने इथेच दाखवलंय. चौथ्या अंकात पोलोनियसची मुलगी ऑफेलिया, जिच्यावर हॅम्लेटचं प्रेम होतं, गाणी म्हणत, फुलं वाटत येते. तिला कुणाला फसवायचं नाही, कुणापासून काही लपवायचं नाही. हॅम्लेटचं वेड मात्र माणूस बघून बदलतं.

मग सोंग घ्यायचंच कशाला? सॅक्सो ग्रामॅटिकसने लिहिलेल्या जुन्या डॅनिश कथेत बापाचा खून उघडउघड झालेला असतो, त्यामुळे तिथल्या नायकाला, अॅम्लेथला, जीव वाचवायला वेडेपणा लागतोच. शेक्सपिअरने खून गुपित ठेवला. इथे काकाला संशयच नव्हता, उलट या वेडाचारामुळेच तो सावध होतो! डावपेच म्हणून हे सोंग नुकसानीचंच. माझं मत असं की हॅम्लेटला दुःखासाठी आडोसा हवा होता. बाप जाऊन दोन महिने होत नाहीत तोच आईने काकाशी लग्न केलं, आणि राजा-राणी दोघंही भर दरबारात त्याला शोक आवरायला सांगतात. शहाण्या माणसाला तिथे रडायची मुभा नव्हती, वेड्याला होती.

म्हणूनच सोंगाच्या आडून अधूनमधून खरंही बाहेर पडतं. आईच्या महालात भूत फक्त त्यालाच दिसतं, आईला नाही. पहिल्या अंकात तर ते पहारेकऱ्यांनीही पाहिलं होतं. या प्रवेशात मी दर वेळी डळमळतो. पण तो आईला म्हणतो, माझी नाडी बघ, तुझ्यासारखीच संथ चालते आहे, आणि माझा वेडेपणा म्हणजे कावा आहे. पुढे ऑफेलियाच्या थडग्यात तो उडी घेतो, ते मात्र सोंग नव्हे. नंतर होरेशियोजवळ कबूल करतो की तिच्या भावाचा, लेअर्टिसचा, आक्रोश बघून माझा तोल गेला. आगरकरांनी १८८३ साली या नाटकाचं मराठी रूपांतर प्रसिद्ध केलं, त्याचं नाव 'विकारविलसित'. विकार हा शब्द मला फार नेमका वाटतो. अनावर होतो, ओसरतो, आणि माणसाला नंतर त्याची लाज वाटते.

लेअर्टिसचा बाप पोलोनियस हॅम्लेटच्याच हातून मेलेला असतो. शेवटच्या अंकात, दोघांच्या द्वंद्वाआधी, हॅम्लेट लेअर्टिसची माफी मागतो. म्हणतो, तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. होरेशियो तिथेच उभा असतो. त्याला ती शपथ आठवत असणार, आणि त्याला तिथे एकही वाक्य नाही. तालमीत मी दिग्दर्शकांना विचारलं, सर, इथे मी कुठे बघू? ते म्हणाले, त्याचं खरं मानायचं की नाही ते तुझं तू ठरव, मग कळेल. पहिल्या प्रयोगात मी मान खाली घातली. दुसऱ्या प्रयोगात त्याच्याकडेच बघत राहिलो, कारण त्या दिवशी तो बोलला तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही.