एकाच छपराचे तीन वर्ग का होतात?

प्रश्न : भूगोलाच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी अर्धा मीटर पिक्सेलच्या (म्हणजे प्रतिमेचा प्रत्येक चौकोनी ठिपका जमिनीवर अर्धा मीटर लांब-रुंद) उपग्रह प्रतिमेचे वर्गीकरण करत आहे, म्हणजे कुठे काय आहे हे संगणकाकडून ठरवून घेत आहे. एकाच छपरावर इमारत, रस्ता आणि पडीक जमीन अशा तिन्ही वर्गांचे ठिपके उमटतात. यावर उपाय काय?

उत्तर : प्रत्येक पिक्सेल सुटा धरून त्याचा वर्ग ठरवण्याची रीत लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या ३० मीटर किंवा त्याहून मोठ्या पिक्सेलच्या काळात रुळली, आणि तेव्हा ती योग्यच होती, कारण अख्खे घर एका पिक्सेलमध्ये मावत असे. आपल्या प्रतिमेत मात्र दहा मीटर लांब-रुंद छपराचे ४०० पिक्सेल होतात; उन्हातला उतार, सावलीतला उतार आणि गंजलेला पत्रा यांची रंग-उजेडाची मूल्ये वेगवेगळी येतात, म्हणून संगणक त्यांना वेगळ्या वर्गांत टाकतो.

यासाठी आधी पिक्सेलांचे गट पाडावेत आणि मग गटांचे वर्गीकरण करावे. बाट्झ आणि शेपे यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत प्रारंभी प्रत्येक पिक्सेल हाच एक गट असतो. ज्या शेजारी गटांच्या जोडणीने रंगाची व आकाराची विषमता कमीत कमी वाढते ते जोडले जातात, आणि ही वाढ आपण ठरवलेल्या ‘स्केल’च्या मर्यादेपलीकडे जाऊ लागली की जोडणी थांबते. सिमेंटचा रस्ता आणि सिमेंटची गच्ची रंगाने जवळजवळ सारखीच असतात. पण रस्ता लांबट असतो आणि गच्चीलगत तिची सावली पडते. आकार आणि शेजार यांचा असा उपयोग सुट्या पिक्सेलच्या बाबतीत करताच येत नाही.

खरी कसोटी ‘स्केल’ ठरवण्यात आहे. हा आकडा मीटरमध्ये नसतो आणि प्रतिमेच्या मूल्यांच्या व्याप्तीनुसार बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा जसाच्या तसा उचलू नये. तो लहान ठेवून सुरुवात करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे : एका छपराचे चार तुकडे झाले तरी वर्गीकरणानंतर ते जोडता येतात, परंतु छप्पर आणि अंगण एकाच गटात गेले, तर पुढच्या टप्प्यावर ते वेगळे करणे फार कठीण जाते.

‘ऑर्फिओ टूलबॉक्स’ ही मोफत प्रणाली क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीतून वापरता येते. तिच्यातील गट पाडण्याची ‘मीन शिफ्ट’ पद्धत बाट्झ-शेपे पद्धतीहून वेगळी असली, तरी आपले काम त्यावर भागेल. मात्र हीच रीत सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या १० मीटर पिक्सेलवर जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याच्या तुकड्यांसाठी वापरू नये. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल, आणि तिथे गट पाडण्याजोगे काही उरतच नाही.