दोन घटक खरंच वेगळे आहेत का?
नोकरीतलं समाधान आणि संस्थेशी बांधिलकी, असे जवळचे घटक (थेट न दिसणाऱ्या संकल्पना) प्रश्नावलीने मोजत असाल तर आधी दोन्हींचे प्रश्न शेजारी ठेवून वाचा. ‘इथे काम करायला आवडतं’ हे वाक्य दोन्हीकडे बसतं. घोळ बहुतेकदा इथेच असतो. मग आकडे. फोर्नेल-लार्कर (१९८१) कसोटीत प्रत्येक घटकाच्या एव्हीईचं (घटक आपल्या प्रश्नांतला सरासरी किती फरक स्पष्ट करतो, त्याचं माप) वर्गमूळ दोन घटकांमधल्या सहसंबंधापेक्षा मोठं हवं. एव्हीई ०.५८, म्हणजे वर्गमूळ ०.७६, सहसंबंध ०.८१ आला की नापास. (नवखे वर्गमूळ न काढताच तुलना करतात!) ही कसोटी तशी ढिली, म्हणून एचटीएमटी (दोन घटकांच्या प्रश्नांमधला आपसातला सरासरी सहसंबंध, एकाच घटकाच्या प्रश्नांमधल्या सहसंबंधाच्या तुलनेत) बघाच: ०.८५ च्या खाली उत्तम, अर्थाने जवळच्या घटकांना ०.९० पर्यंत चालतं. जास्त आला तर दुसऱ्या घटकाशीही घट्ट जुळणारा प्रश्न काढा, पण प्रत्येक घटकात किमान तीन प्रश्न राहू द्या.