१०५ टक्के कार्यक्षमता : घोळ पौंड-कॅलरीचा आहे

सातपूरच्या तुमच्या कारखान्यातल्या जुन्या लँकेशायर बॉयलरच्या चाचणी अहवालातले आकडे तुम्ही दिलेत : कोळशाचं उष्मांक मूल्य ६,३०० पौंड-कॅलरी प्रति पौंड, आणि एक पौंड कोळशामागे ६.८ पौंड वाफ, तीही २१२ अंश फॅरनहाइटच्या (म्हणजे १०० सेल्सिअसच्या) पाण्याची २१२ अंशांवरच झालेली. गॅसवर जायचं म्हणून हे आजच्या एककांत बदललं तर कार्यक्षमता १०५ टक्के येते, मग अहवालच चुकीचा असेल का, असा तुमचा प्रश्न आहे. अहवाल व्यवस्थित आहे. तुम्ही पौंड-कॅलरीला बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट) समजून चाललात, तिथे गणित फसलं.

ही दोन एककं वेगळी आहेत. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती उष्णता म्हणजे बीटीयू. तेच एक पौंड पाणी एक अंश सेल्सिअसने तापवलं तर ती पौंड-कॅलरी. जुन्या इंग्रजी कागदांत हिलाच सेंटिग्रेड हीट युनिट, म्हणजे सी.एच.यू. म्हणतात. सेल्सिअसचा अंश फॅरनहाइटच्या १.८ पट मोठा, म्हणून १ पौंड-कॅलरी = १.८ बीटीयू.

तुम्ही ६,३०० ला आधी ०.२५२ ने गुणलंत (बीटीयूची किलोकॅलरी केलीत) आणि मग २.२०४६ ने (पौंडाचा किलो केलात). या दोन्हींचा गुणाकार ०.५५५६, म्हणजे ५/९. त्यामुळे मूल्य ३,५०० किलोकॅलरी प्रति किलोवर आलं. खरं तर इथे काहीच बदलायला नको होतं. एक पौंड कोळसा ६,३०० पौंड पाणी एक सेल्सिअसने तापवतो, तर एक किलो कोळसा ६,३०० किलो पाणी तापवणारच. वजन वर आणि खाली दोन्हीकडे आहे, ते उडून जातं. म्हणजे ६,३०० पौंड-कॅलरी प्रति पौंड = ६,३०० किलोकॅलरी प्रति किलो.

आता वाफ. १०० सेल्सिअसवर एक किलो पाण्याची वाफ व्हायला ५३९ किलोकॅलरी लागतात. ६.८ गुणिले ५३९ म्हणजे ३,६६५. याला ३,५०० ने भागलं की तुमचे १०५ टक्के येतात, ६,३०० ने भागलं की ५८. इकॉनोमायझर (चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी आधीच तापवणारं यंत्र) नसलेल्या जुन्या लँकेशायरसाठी ५८ हा पटण्यासारखा आकडा आहे. बीटीयूत करून बघा : कोळसा ११,३४० बीटीयू प्रति पौंड, वाफेला पौंडामागे ९७० बीटीयू, गुणिले ६.८, म्हणजे ६,५९६. उत्तर पुन्हा ५८. जुना कागद हाती आला की मी हिशेब असा दोन वाटांनी करतो. एकक चुकलं असेल तर तिथेच कळतं.

रूपांतराचा तक्ता पाठ करायची गरज नाही. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचे ५/९ केले की २५२ : एका बीटीयूच्या इतक्या कॅलरी. त्याला ४.१८६८ ने गुणलं की १,०५५ ज्यूल. किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजेच ८६० किलोकॅलरी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी एका युनिट विजेमागे किती किलोकॅलरी जाळल्या हे बघतात. ८६० ला त्या आकड्याने भागलं की केंद्राची कार्यक्षमता मिळते.

कॅलरी नक्की कुठली, ४.१८४ ज्यूलची की ४.१८६८ ची, हेही तुम्ही विचारलंय. पहिली रसायनशास्त्रवाल्यांची, दुसरी वाफेच्या तक्त्यांची, १९५६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेली. फरक ०.०७ टक्के. कोळशाच्या दोन नमुन्यांत याहून कितीतरी जास्त फरक पडतो, तेव्हा यात वेळ घालवू नका. ज्याच्या नावाचं हे एकक, त्या शास्त्रज्ञ ज्यूलने स्वतः १८५० मध्ये एका बीटीयूला ७७२ फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचलायचं काम म्हणजे एक फूट-पौंड) मोजले होते, आज आपण ७७८ धरतो. त्या काळातल्या उपकरणांवर पाण्यात पंखे फिरवून माणूस इतका जवळ पोचला, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गॅसच्या कोटेशनमधला एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख बीटीयू, २ लाख ५२ हजार किलोकॅलरी. तुमच्या ६,३०० च्या हिशेबाने ४० किलो कोळसा. पण दर या ४० वर ताडून बघू नका. नवा गॅस बॉयलर ८५ टक्क्यांचा धरला आणि तुमचा ५८ चा, तर एक एमएमबीटीयू सुमारे ५८ किलो कोळशाचं काम करेल. आणि ते ८५ टक्के ग्रॉस मूल्यावर (धुरातल्या वाफेची उष्णता धरून) आहेत की नेटवर (ती वगळून), हे बॉयलरवाल्याकडून लेखी घ्या. नैसर्गिक वायूत हायड्रोजन जास्त, त्याचं पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं, म्हणून ग्रॉस आणि नेटमध्ये जवळपास १० टक्के फरक पडतो. गॅसचा दर ग्रॉसवर आणि कार्यक्षमता नेटवर असेल, तर तो बॉयलर ८५ चा नसून ७७ चा आहे, आणि ५८ किलोचे ५३ होतात.