मुहाजिर कोणाला म्हणावे? कोशातील एका वाक्याविषयी

ग्रंथालयाच्या परिचयकोशासाठी आपण लिहिलेल्या नोंदीचे पहिले वाक्य असे आहे: "मुहाजिर म्हणजे फाळणीनंतर भारतातून पाकिस्तानात गेलेले उर्दूभाषक मुसलमान, त्यांना तेथे दुय्यम नागरिक मानले जाते." हे वाक्य निःपक्षपाती आहे का, असे आपण विचारले आहे. त्यावर एका सदस्याने लिहिले आहे की असा समाज मुळात नाहीच, ते एका पक्षाने उभे केलेले राजकारण आहे. माझ्या मते आपले वाक्य अर्धे बरोबर आहे आणि त्या सदस्याचे म्हणणे त्याहून कमी बरोबर आहे. कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण या विषयात चुका होतात त्या बहुतेक घाईने केलेल्या व्याख्येमुळे.

आधी शब्द पाहू. 'मुहाजिर' हा अरबी शब्द 'हिजरत' म्हणजे स्थलांतर या शब्दाच्याच धातूपासून आला आहे. इ. स. 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला गेलेले ते मुहाजिर आणि त्यांना आसरा देणारे मदिनावासी ते अन्सार, अशी ही जोडी मुसलमानांच्या मनात घट्ट बसलेली आहे. म्हणूनच 1947 मध्ये हा शब्द वापरला गेला तेव्हा त्यात कमीपणा नव्हता. धर्मासाठी घरदार सोडल्याचा मान त्यात होता आणि यजमानांनी अन्सारांसारखे वागावे अशी अपेक्षाही होती. आपल्या 'निर्वासित' या शब्दाने यातले काहीच पोहोचत नाही, तेव्हा नोंदीत मूळ शब्दच ठेवावा. मराठी वर्तमानपत्रांत 'मोहाजिर' असेही छापतात, ते उच्चाराला धरून आहे. मात्र 'मुजाहिर' ही चूक आहे आणि 'मुजाहिद' हा तर अगदी वेगळा शब्द आहे.

आता 'भारतातून गेलेले' हे पद घ्या. पाकिस्तानच्या 1951 च्या जनगणनेत फाळणीमुळे किंवा तिच्या दंगलींच्या भीतीने देशात आलेल्या प्रत्येकाला मुहाजिर म्हणून मोजले गेले. ती संख्या सुमारे 72 लाख, म्हणजे साधारण दहा माणसांमागे एक, अशी भरली. यातले बहुसंख्य लोक पूर्व पंजाबातून पश्चिम पंजाबात गेलेले पंजाबीभाषक होते आणि आज त्यांच्या नातवंडांना कोणी मुहाजिर म्हणत नाही. दोन लष्करशहांचे उदाहरण द्यावेसे वाटते. झिया उल हक यांचा जन्म जालंदरचा आणि परवेझ मुशर्रफ यांचा दिल्लीचा. दोघांचीही कुटुंबे 1947 मध्ये सीमा ओलांडून गेली. तरीही मुशर्रफ यांचा उल्लेख पाकिस्तानात मुहाजिर म्हणून होतो आणि झिया यांचा पंजाबी म्हणून. जर हे नाव केवळ स्थलांतरामुळे पडले असते, तर ते दोघांना सारखेच लागले असते. पंजाबात गेलेल्यांना ओळखीची भाषा मिळाली, शीख व हिंदू मागे ठेवून गेलेली शेतजमीन मिळाली आणि दोनतीन दशकांत आले कोण व मूळचे कोण हा भेद पुसट झाला. सिंधच्या शहरांत तसे घडले नाही, आणि 'मुहाजिर' ही ओळख खऱ्या अर्थाने तेथेच घडली.

ती कशी घडली हे कराचीच्या आकड्यांवरून कळते. 1941 मध्ये चार लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे शहर 1951 मध्ये दहा लाखांच्या पुढे गेले आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक सीमेपलीकडून आलेले होते. त्याच काळात शहराचा निम्म्याच्या जवळपास असलेला हिंदू भाग निघून गेला. त्यांतले पुष्कळजण आपल्याकडे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले आणि त्या छावणीचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले. येणारे सगळे एका वेळी किंवा एका कारणाने आले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. सप्टेंबर 1947 मध्ये दिल्लीत कत्तली झाल्या तेव्हा जीव मुठीत धरून निघालेले लोक होते, तसेच सरकारी नोकरीत 'पाकिस्तान' असा पर्याय लिहून देऊन गेलेले कारकून आणि अधिकारीही होते. हैदराबाद संस्थानातून लोक सप्टेंबर 1948 च्या कारवाईनंतर गेले, आणि राजस्थानातील मुनाबाव व सिंधमधील खोखरापार यांमधल्या वाटेने पुढेही काही वर्षे माणसे जात राहिली. 'जीव वाचवण्यासाठी पळालेले' आणि 'स्वप्नासाठी गेलेले' यांपैकी एकच चित्र रंगवले तर नोंद एकांगी होईल.

'उर्दूभाषक' या पदाविषयी थोडे रेंगाळतो, कारण येथे माझा स्वतःचा संबंध येतो. माझे लहानपण औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गेले. शेजारच्या खालांना, म्हणजे मावशींना, उर्दूखेरीज दुसरी लिपी लिहिता येत नसे, म्हणून त्यांच्या कराचीच्या भावाला जाणाऱ्या निळ्या हवाईपत्रावर इंग्रजीत पत्ता लिहिण्याचे काम माझ्याकडे असायचे. घर क्रमांक, मग हैदराबाद कॉलनी, मग कराची, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत देशाचे नाव. पत्र गोंदाने चिकटवण्यापूर्वी खाला शेवटची ओळ पुन्हा तपासायला लावीत. भावाची उत्तरे त्या मोठ्याने वाचून दाखवीत. सत्तरच्या दशकातल्या पत्रांत तो 'हम हैदराबादी' असे लिहायचा. बिहारी शेजाऱ्यांच्या बोलण्याच्या आणि दिल्लीवाल्यांच्या स्वयंपाकाच्या तक्रारी त्यात असायच्या. 1986-87 नंतरच्या पत्रांत मात्र 'हम मुहाजिर' आले आणि ते बिहारी व दिल्लीवाले त्या 'हम'मध्ये सामावले गेले. घरात तो दखनीच, म्हणजे दख्खनची उर्दू बोलीच, बोलत असणार. एकाच माणसाच्या पत्रांत दहाबारा वर्षांत हा बदल झालेला मी ऐकला आहे. म्हणून ही ओळख पूर्वापार होती हेही मला पटत नाही, आणि ती कोणीतरी बाहेरून चिकटवली हेही पटत नाही.

कराचीच्या वस्त्यांची नावे हेच सांगतात: दिल्ली कॉलनी, बिहार कॉलनी, हैदराबाद कॉलनी, धोराजी कॉलनी, सी. पी. बेरार सोसायटी, कोकण सोसायटी. यांतल्या शेवटच्या दोन नावांवर मराठी वाचकाने थांबावे. वऱ्हाडातून गेलेली उर्दूभाषक कुटुंबे आणि रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान हेही त्या शहराचा भाग झाले. पुन्हा काठियावाडचे मेमन, म्हणजे व्यापारी मुसलमान, आहेतच. समाजसेवक अब्दुल सत्तार एधी, ज्यांच्या रुग्णवाहिका आजही कराचीच्या रस्त्यांवर धावतात, ते जुनागढजवळच्या बांटव्याचे. त्यांची घरची बोली मेमनी-गुजराती. त्यांना मुहाजिर म्हणावे का? व्यापक अर्थाने होय, कारण ते 1947 मध्ये तिकडे गेले. संकुचित, भाषिक अर्थाने नाही. म्हणून नोंदीत 'मुख्यतः उर्दूभाषक' असे लिहावे आणि गुजराती, मेमनी, कोकणी बोलणाऱ्यांचा समावेश काहीजण करतात व काहीजण करीत नाहीत, असे स्पष्ट सांगावे.

संख्या देताना याच कारणाने जपावे. 1951 नंतरच्या जनगणनांतून मुहाजिरांची संख्या मिळत नाही. हाताशी असतो तो मातृभाषेचा रकाना. उर्दू मातृभाषा सांगणाऱ्यांचे प्रमाण 1998 मध्ये देशात सुमारे 7.5 टक्के होते आणि 2023 मध्ये सुमारे 9 टक्के. कराचीत ते निम्म्याच्या आसपास राहिले आहे. हा आकडा 'उर्दू मातृभाषा असलेले' म्हणूनच द्यावा. त्याला मुहाजिरांची लोकसंख्या म्हटले की एधींसारखी माणसे गळतात आणि लाहोरात घरी उर्दू बोलू लागलेली पंजाबी कुटुंबे आत येतात.

दुय्यम नागरिकत्वाचे विधान मात्र कोशाच्या आवाजात नको. ती एका बाजूची भावना आहे. ती खरी आहे, तिला कारणे आहेत, पण ती 'त्यांचे म्हणणे आहे' अशीच यायला हवी. पहिल्या दशकात देशाची राजधानी कराची होती, पहिले पंतप्रधान लियाकत अली खान कर्नालचे होते, राष्ट्रभाषा उर्दू होती आणि वरिष्ठ नोकरशाहीत या समाजाचा वाटा त्याच्या संख्येच्या मानाने पुष्कळ मोठा होता. त्यानंतर लष्करशहा अयुब खान यांनी राजधानी उत्तरेला नेली. जुलै 1972 मध्ये सिंध विधानसभेने सिंधी भाषेचे विधेयक मंजूर केले तेव्हा कराचीत आणि सिंधमधल्या हैदराबादेत दंगली उसळल्या. त्याच सुमारास सिंधच्या वाट्याच्या नोकऱ्या ग्रामीण 60 आणि शहरी 40 अशा वाटल्या गेल्या. शहरी म्हणजे कराची, हैदराबाद आणि सक्कर. कागदावर हा भेद गाव आणि शहर असा होता, प्रत्यक्षात मात्र तो बऱ्याच अंशी सिंधी आणि उर्दूभाषक असा पडला. दहा वर्षांसाठी म्हणून सुरू झालेल्या तरतुदीची मुदत पुढे वाढत गेली. अर्जाला डोमिसाइलचा दाखला जोडावा लागतो आणि पदवी हातात असलेल्या तरुणाचे पुढे काय होणार हे त्या दाखल्यावर ठरते, ही बाब नोंदीत एका वाक्यात तरी यावी. त्या पिढीचा राग समजून घ्यायचा तर तो दाखला समजून घ्यावा लागतो.

परंतु सिंधी माणसाची बाजू वगळून ही हकिगत सांगणे अन्यायाचे होईल, आणि आपल्या मसुद्यात ती पूर्णपणे वगळली गेली आहे. 1948 मध्ये कराची शहर सिंधपासून तोडून केंद्राच्या ताब्यात दिले गेले. 1955 ते 1970 या काळात पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत एकत्र करणाऱ्या 'वन युनिट' योजनेखाली सिंध हा प्रांतच नकाशावरून नाहीसा झाला. आपल्याच प्रांताच्या सर्वांत मोठ्या शहरात आपली भाषा ऐकू येईनाशी झाली, ही वेदना 1972 च्या विधेयकामागे होती. मुंबई कोणाची या प्रश्नावर ज्यांनी जन्मभर वाद ऐकले आहेत, त्या आपल्या वाचकांना ही भावना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र त्या ओळखीमुळे आपण एका बाजूला झुकत नाही ना, एवढे लिहिताना तपासावे.

आता त्या सदस्याच्या आक्षेपाकडे येतो. राजकीय संघटनेच्या तारखा स्पष्ट आहेत: 1978 मध्ये कराची विद्यापीठात विद्यार्थी संघटना, 1984 मध्ये अल्ताफ हुसेन यांच्या नेतृत्वाखाली मुहाजिर कौमी मूव्हमेंट, आणि 1997 मध्ये त्यातल्या 'मुहाजिर'च्या जागी 'मुत्तहिदा', म्हणजे संयुक्त. पंजाबी, सिंधी, पठाण आणि बलुच यांच्याबरोबरीने आम्ही पाचवी 'कौमियत', म्हणजे राष्ट्रीय समूह, आहोत, ही मागणी या संघटनेने मांडली. पण मागणी मांडली म्हणून समाज निर्माण झाला, असे होत नाही. रोषाला आणि एकत्र राहण्याला आधीच्या तीस वर्षांचा पाया होता. उलट, तो समाज आणि तो पक्ष एकच मानणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे. कराचीतले बरेच उर्दूभाषक दीर्घकाळ जमाते इस्लामी या धार्मिक पक्षाला मते देत आले, काही डाव्या चळवळींत राहिले आणि काहींनी स्वतःला 'मुहाजिर' म्हणवून घेणेच नाकारले. पक्षावर खंडणी आणि खुनांचे गंभीर आरोप झाले, आणि 1992 पासूनच्या कारवायांत सुरक्षा दलांवर कोठडीतील छळाचे व न्यायबाह्य हत्यांचे आरोप झाले; मानवी हक्क संघटनांनी दोन्ही नोंदवले आहे. नोंदीत यायचे तर दोन्ही यावे, आणि ते पक्षाच्या किंवा राज्यसंस्थेच्या नावावर यावे, समाजाच्या नावावर नव्हे. 30 सप्टेंबर 1988 रोजी सिंधमधील हैदराबादेत मुहाजिरांवर झालेला गोळीबार सांगितला तर दुसऱ्या दिवशी कराचीत सिंधी माणसे मारली गेली तेही त्याच परिच्छेदात सांगावे.

मराठीपुरती एक सूचना. 'वांशिक गट' असे लिहू नये. अलाहाबादचा वकील, पाटण्याचा छापखानेवाला आणि औरंगाबादचा शिक्षक यांचा वंश एक नव्हता. भाषा, शहरी जीवन आणि स्थलांतराची आठवण यांतून एकत्र आलेला 'समाज' किंवा 'समाजगट' म्हणणे नेमके आहे. सुन्नी बहुसंख्य, शिया लक्षणीय, हे एका ओळीत पुरे. भाषेच्या परिच्छेदात मौलवी अब्दुल हक यांचे नाव अवश्य घ्यावे. उर्दूच्या प्रसारासाठी झटणाऱ्या त्यांच्या 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचा कारभार औरंगाबादहून वीसेक वर्षे चालला, मग दिल्लीहून, आणि फाळणीनंतर ते कराचीला गेले ते 1961 मध्ये तेथेच निवर्तले. मराठवाड्याच्या ग्रंथालयाच्या कोशात ही ओळ नसेल तर मला चुकल्यासारखे वाटेल. तसेच 1947 मध्ये पूर्व बंगालात गेलेल्या बिहारी उर्दूभाषकांची स्वतंत्र नोंद करावी. 1971 नंतर ते दोन देशांच्या मध्ये अडकले, ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या छावण्यांत राहिले, आणि 2008 मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या नागरिकत्वाच्या बाजूने निर्णय दिला. त्यांना कराचीच्या हकिगतीत मिसळले तर दोन्हींचा अर्थ हरवतो.

पहिले वाक्य मी असे लिहीन: "मुहाजिर हे पाकिस्तानातील, मुख्यतः सिंधच्या शहरांतील, बहुतांशी उर्दूभाषक समाजाचे नाव असून 1947 नंतर भारताच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या मुसलमानांचे वंशज त्यात मोडतात, नावाची व्याप्ती आणि समाजाचे राजकीय स्थान यांविषयी पाकिस्तानात मतभेद आहेत." यात 'आलेल्या' हे रूप पूर्वजांपुरते आहे आणि ते तसेच राहू द्यावे. खालांच्या भावाची नातवंडे कराचीत जन्मली, कराचीत शिकली. ती कोठूनही आलेली नाहीत, आणि आपल्या मसुद्यातले 'गेलेले' त्यांना लागू पडत नाही.