आधी स्क्रू बघा, हँडल मागाहून

पावसाळा लागला की आमच्या सदराला येणारे प्रश्न ठरलेले असतात, छपराची गळती, भिंतीची बुरशी, फुगलेलं दार. यंदा मात्र जनेलांच्या हँडलांवर इतकी पत्रं आली की म्हटलं ह्यावेळची पानं त्यालाच देऊन टाकू. जनेल म्हणजे खिडकी, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, कारण आम्ही गोंयकार लिहितो मराठी पण घरात खिडकीला कोणी खिडकी म्हणत नाही. मी इंजिनिअर वगैरे नाही, म्हापशाला घरच्याच हार्डवेअरच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरला बसले, त्यामुळे जे काय कळतं ते लोकांनी पिशवीतून आणलेल्या मोडक्या वस्तू बघून बघून.

प्रश्न: ताई, मिरामारला समुद्रापासून पाच मिनिटांवर आमचा फ्लॅट आहे, सगळ्या खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, आत उघडणाऱ्या. तीन पावसाळ्यांत हँडलांवर आधी पांढरे ठिपके आले, मग फोड आले, आणि आता बेडरूमचं हँडल नुसतं गोल गोल फिरतं, खिडकी लॉकच होत नाही. दुकानदार म्हणतो स्टेनलेसचं घ्या, आयुष्यभर बघायला नको. घेऊ का? आणि बाहेरचं ग्रिल धडधाकट असताना घरातलं हँडल आधी कसं गेलं?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरी गोम तिथेच आहे. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो आणि ते आत-बाहेर सगळीकडे बसतं, पण बाहेरच्या ग्रिलला जून ते सप्टेंबर पाऊस रोज आंघोळ घालतो आणि आतल्या हँडलावर बसलेलं मीठ वर्षानुवर्षं तसंच राहतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यात आपल्या हाताचा घाम, म्हणजे हँडल कायम दमट. शिवाय तुमचं हँडल बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचं असणार, वरून क्रोमचा मुलामा. मुलाम्याला बारीकशी चीर गेली की मिठाचं पाणी खाली उतरतं, आतलं जस्त फुलतं आणि वर फोड येतो. नखाने तो फोड उकरून बघा, खालून पांढरी भुकटी निघेल. पॉलिशने हे बरं होत नाही, त्याच्या मागे लागू नका.

आता स्टेनलेस. नुसतं स्टेनलेस द्या म्हणणं म्हणजे बाजारात जाऊन नुसते मासे द्या म्हणण्यासारखं आहे, इसवण की तारले ते बोला ना. २०२ नावाचं स्वस्तातलं येतं, त्यात निकेल वाचवायला मँगनीज घालतात, आपल्या किनाऱ्यावर ते एका पावसात डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, समुद्रापासून आत, डिचोली-फोंड्याला, हे चांगलं चालतं. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात आणि मिठाने जे बारीक बारीक खड्डे पडतात त्यांना तेच आवरतं, म्हणून मिरामार, दोना पावला, मोरजी अशा ठिकाणी मी ३१६ च सांगते. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, बघा चिकटत नाही म्हणजे अस्सल, पण ह्या तिन्हींपैकी कशालाच तो सहसा धड चिकटत नाही, २०२ लाही नाही, तेव्हा त्यावर जाऊ नका, ग्रेड बिलावर लिहून मागा, दुकानदार लिहायला कां-कूं करायला लागला की समजा. आणि आयुष्यभर बघायला नको हे सोडून द्या, ३१६ सुद्धा पुसलं नाही तर तपकिरी होतं. पंधरा दिवसांनी एकदा गोड्या पाण्यात फडकं पिळून पुसायचं आणि कोरडं करायचं, बास. तारेचा चोथा लावायचा नाही, त्याचे लोखंडी कण तिथेच राहून गंजतात, आणि टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड तर त्या खोलीत उघडूही नका.

पण पैसे काढायच्या आधी हँडलच गेलंय का ते बघून घ्या. खिडकी उघडी ठेवा, हँडल आडवं करा, बुडाशी जी पट्टी दिसते ती किंचित उचलून फिरवलीत की खाली दोन स्क्रू दिसतील, ते काढले की हँडल हातात येतं. मागे चौकोनी दांडा असतो. आता पल्ल्यातल्या चौकोनी भोकात दुसऱ्या खिडकीचं चांगलं हँडल घालून फिरवा आणि पल्ल्याच्या कडेकडे बघा, तिथले खुंट वर-खाली सरकले तर आतलं गिअर शाबूत आहे, नवीन हँडल घातलं की काम झालं. नाही सरकले तर गिअरबॉक्स गेलाय, मग तुम्ही सोन्याचं हँडल आणलंत तरी ते हवेतच फिरणार.

मापं घ्यायची ती तीन. दांडा बहुतेक ७ मिलिमीटर चौरस असतो, दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत बहुतेक ४३ मिलिमीटर, ह्या दोन गोष्टी सहसा जुळतात, घोळ होतो तो दांड्याच्या लांबीत. बुडापासून टोकापर्यंत मोजा. आखूड पडला तर गिअरला पोचत नाही, लांब पडला तर हँडल फ्रेमपासून उठून राहतं, अर्थात लांब दांडा हॅक्सॉने कापता येतो, आखूड वाढवता येत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुनं हँडलच पिशवीत घालून न्या. मोबाइलवरचा फोटो दाखवू नका, फोटोत सगळी हँडलं सारखीच दिसतात. एक गिऱ्हाईक आमच्याकडे फोटो घेऊन तीन फेऱ्या मारून गेलं, चौथ्या फेरीला वस्तू आणली तर तिच्या मागे चौकोनी दांडाच नव्हता, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला असतं तसं दोन शिंगांचं निघालं!

आणि स्क्रू. हे मी स्वतः पैसे घालवून शिकलेय. आमच्या स्वयंपाकघराच्या जनेलाला हौसेने ३१६ चं हँडल आणलं, बसवताना त्यातला एक स्क्रू ओट्यामागे पडला, तर मी शहाणीने बरणीतला साधा लोखंडी ठोकून दिला, कोण बघतंय म्हणून. पुढच्या पावसात पांढऱ्या फ्रेमवर बरोबर त्या एका स्क्रूखालून तांबूस ओघळ, आणि काढायला गेले तर डोकं तुटून स्क्रू आतच. हँडल अजून चकचकीत आहे, शेजारी तो डाग. दुकानदाराची मुलगी मी! तर ज्या ग्रेडचं हँडल त्याच ग्रेडचे स्क्रू मागा, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला स्टेनलेस स्क्रू घालत असाल तर टोकाला थोडं ग्रीस लावा आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर दोन धातू आणि मीठ एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं.

प्रश्न: डिचोलीजवळ आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. जनेलं लाकडाची, मुठी पितळेच्या, दोन जनेलांना अजून काचेऐवजी शिंपल्यांची जुनी तावदानं आहेत. मुठींचे स्क्रू घट्ट होतच नाहीत, नुसते फिरतात. पावसात पल्ले अडकतात ते वेगळंच. मेस्त, म्हणजे सुतार, म्हणतो हे सगळं काढून अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग करूया, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आत करून देतो. काय करू?

उत्तर: मेस्ताला चहा पाजा आणि पाठवून द्या. रागावू नका, तो वाईट माणूस नसेल, त्याला जुनं लाकूड दुरुस्त करण्यापेक्षा नवीन बसवणं सोपं पडतं एवढंच.

मुठी सैल का झाल्या ते आधी बघा, तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात पण दुखणं एकच आहे. पावसात लाकूड आडवं फुगतं, पल्ला चौकटीत घट्ट बसतो, मग आपण मूठ धरून हिसडा मारतो, दर पावसाळ्यात, तीस-चाळीस वर्षं. स्क्रूचं भोक मोठं होणारच. आता ह्याच दिवसांत पल्ल्याला रंधा मारायला लावू नका, जुलैत मापात आणलेला पल्ला जानेवारीत वाळून आक्रसतो आणि मधल्या फटीतून मच्छर खुशाल येतात. सध्या जिथे घासतं तिथे मेणबत्ती चोळा आणि मुठीने ओढण्याऐवजी खालून तळव्याने ढकला, रंध्याचं डिसेंबर-जानेवारीत बघा.

मुठी मात्र आत्ताही होतील, एखाददोन दिवस ऊन पडलं की. स्क्रू काढा. भोकाच्या आत काळंनिळं दिसलं तर तिथे कोणीतरी मधेच लोखंडी स्क्रू घातला होता, लाकडातलं टॅनिन आणि ओलं लोखंड एकत्र आलं की असा शाईसारखा डाग पडतो. भोक कोरडं करा, आगपेटीच्या काड्यांची गुलं मोडून टाका आणि काड्यांना फेविकॉल लावून जितक्या मावतील तितक्या ठासून भरा, फेविकॉल साधा नको, मरीन घ्या, साधा ओलीत सुटतो. सागवानाची चिरफळी असेल तर काड्यांपेक्षा उत्तम. एक दिवस हात लावू नका. मग बाहेर आलेलं छाटून मधोमध बारीक भोक पाडा, पितळी स्क्रूच्या जाडीपेक्षा बारीक. आता घाई करायची नाही, पितळ मऊ असतं, जोर लावलात की डोक्याची चीर चेपते नाहीतर स्क्रू मानेत तुटतो. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत घालून बाहेर काढायचा, त्याने आटे पडतात, मग पितळीला साबण चोळून हाताने घालायचा, स्क्रू-ड्रायव्हरचं पातं चिरेत बरोबर मावेल असं घ्या. मशीन लावू नका. शिंपल्यांच्या जनेलांवर तर हातोडीसुद्धा नको, हादऱ्याने शिंपला तडकतो आणि त्याच्यासारखा दुसरा कुठून आणणार, चिखलीच्या खाडीत तो जिवंत आहे पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे, काढून आणायचा विचारही करू नका.

पितळ काळं पडलंय म्हणून मुठी बदलायच्या असतील तर बिंबलं चिरून चोळा, समईला चोळतो तशी, चिंचही चालेल, फक्त नंतर आंबटपणा राहणार नाही असं धुवा आणि लगेच कोरडं करा, म्हणून मूठ काढलेली असतानाच करून घ्या. आणि एक, चवथीसाठी रंगारी येणार असेल तर तो यायच्या आधी मुठी, कड्या सगळं काढून डब्यात ठेवा, रंगारी लोक पल्ल्याबरोबर मुठीलाही ऑइलपेंट फासतात, ते खरवडायला मग आपणच बसतो.

प्रश्न: वास्कोला भाड्याच्या घरात राहतो. स्लायडिंग खिडकीचं टच लॉक लागत नाही, दोनदा बदललं, परत तेच. मालक म्हणतात तुम्ही मोडता.

उत्तर: लॉक मोडत नाहीये, पल्ला खाली बसलाय. पल्ला दोन्ही हातांनी थोडा उचलून धरा आणि कोणाला तरी लॉक दाबायला सांगा, लागलं तर खालची बेअरिंगं झिजलीत, ती बदला. आधी ट्रॅकमधली वाळू रंगाच्या ब्रशने काढा. हे मालकांसमोर करून दाखवा, म्हणजे खर्च कोणाचा ते त्यांनाच कळेल.

प्रश्न: पाचव्या मजल्यावर आहोत, मुलगी अडीच वर्षांची, खुर्ची सरकवून खिडकीपर्यंत पोचायला लागलीय. बाहेर ग्रिल नाही, सोसायटी लावू देत नाही. किल्लीचं हँडल लावलं तर पुरे का?

उत्तर: लावा, उद्याच लावा, पण तेवढ्यावर राहू नका. किल्लीच्या हँडलची गंमत अशी की पहिले आठ दिवस सगळे कुलूप लावतात, मग उकडतं म्हणून कोणीतरी उघडतं आणि किल्ली तशीच भोकात राहते. म्हणून सोबत रोधक लावा, छोटी तारेची केबल असते, एक टोक फ्रेमला, एक पल्ल्याला, खिडकी हवेपुरती उघडते पण साधारण १० सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. खिडकी यूपीव्हीसीची असेल तर तिचे स्क्रू नुसत्या प्लास्टिकमध्ये नकोत, आतल्या लोखंडी पट्टीपर्यंत पोचायला हवेत, बसवणाऱ्याला हे मुद्दाम विचारा. किल्ली मुलीच्या हाताला लागणार नाही पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल अशा एकाच खिळ्यावर ठेवा, आग लागली तर शोधत बसायला वेळ नसतो. मच्छरांच्या जाळीवर विसंबू नका, ती मुलाचं वजन धरत नाही. आणि सोफा खिडकीखाली असेल तर हे वाचून झाल्या झाल्या हलवा.

प्रश्न: पेडण्याहून लिहितोय. तुम्ही लोक हा स्प्रे तो स्प्रे सांगता. आम्ही जन्मभर बिजागऱ्यांना आणि कड्यांना खोबरेल घातलं, काय बिघडलं?

उत्तर: काका, बिघडलं नाही कारण तुमच्या कड्या जाड लोखंडाच्या आणि ढिल्या होत्या, त्यांना काहीही चालायचं. आत्ताच्या हँडलात बारीक स्प्रिंग असते. खोबरेल धूळ धरतं, कालांतराने चिकट होतं, आणि साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरात पहाटे तुमची बाटली थिजलेली असते तेव्हा कडीतलंही थिजलेलंच असतं. डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे जाम झालेलं सोडवायला आणि जुनं तेल काढायला मारा, पुसून घ्या, मग सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा, वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात पावसाच्या आधी आणि एकदा चवथ झाल्यावर.